पासवर्ड बरोबर आहे, साहेब!

दिवाळीची सुट्टी संपून कार्यालये उघडतात त्या सकाळी हार्डवेअर इंजिनिअरचा फोन थांबत नाही. तक्रार सगळीकडून एकच, "सिस्टिम पासवर्ड घेत नाहीये." पुढचे वाक्यही ठरलेले, "पासवर्ड बरोबर आहे, साहेब, सुट्टीच्या आधी हाच चालत होता." आणि पलीकडून उत्तरही ठरलेले, "थांबा, रीसेट करून देतो."

रीसेट होतो. निम्म्या लोकांना तरीही आत जाता येत नाही. मग देखभालीच्या कंत्राटाचा, म्हणजे एएमसीचा, मुलगा पिशवी घेऊन येतो आणि एकेका टेबलाखाली वाकून बघतो. लेखा शाखेतल्या यंत्राचा सेल संपलेला असतो. आवक-जावकच्या टेबलाखाली उंदराने केबल कुरतडलेली असते. टंकलेखन करणाऱ्या बाईंचा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. वसुलीच्या साहेबांच्या खिशातला फोन जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा सर्व्हरकडे पाठवत असतो. आणि सुट्टीत जुन्या बॅकअपवरून उभी केलेली कोपऱ्यातली सिस्टिम सर्व्हर ओळखायलाच तयार नसतो. पाच यंत्रे, पाच दुखणी. पासवर्ड टाकणाऱ्याची चूक त्यातल्या एकाही ठिकाणी नसते.

लॉगिन झाले नाही की दोष माणसाचा, असे आपल्या कार्यालयांत धरूनच चालतात. पडद्यावरचे वाक्यही तसेच असते: युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे. दोघांपैकी नेमके काय चुकले हे ते मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितले तर चोराला अर्धे उत्तर मिळते. प्रत्यक्षात आठ-दहा वर्षे जुन्या सिस्टिमवर लॉगिन अडते ते बहुधा जुने यंत्र आणि पुढे गेलेले नेटवर्क यांचे एखाद्या बाबतीत जमेनासे झाल्यामुळे. वेळ जुळत नाही, पत्ता सापडत नाही, बोली कळत नाही किंवा ओळख पटत नाही.

आधी दोन अदलाबदली

अनुभवी माणूस पासवर्डला हात लावण्याआधी दोन अदलाबदली करून बघतो. तक्रारदाराला शेजारच्या सिस्टिमवर स्वतःच्या नावाने लॉगिन करायला सांगतो आणि शेजाऱ्याला तक्रारदाराच्या सिस्टिमवर बसवतो. तक्रारदार शेजारी बसून आत गेला, तर खाते ठीक आणि दोष यंत्रात. तो दोन्हीकडे अडला आणि शेजारी दोन्हीकडे चालला, तर दोष खात्यात. सगळेच सगळीकडे अडले, तर सर्व्हर बघायचा किंवा त्याच्यापर्यंतची वाट. या तपासाला दहा मिनिटे पुरतात आणि पुढची अर्धी वणवण वाचते.

यात एक मेख मात्र आहे. मोठ्या कार्यालयांत सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर असतात. या व्यवस्थेला डोमेन म्हणतात आणि त्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर. पण डोमेनमधले विंडोज यंत्र पूर्वी आत येऊन गेलेल्यांची खूणही स्वतःजवळ ठेवते. मूळ मांडणीत शेवटच्या १० जणांची. सर्व्हर सापडला नाही तर ही साठवलेली खूण पाहून ते माणसाला आत घेते. म्हणून केबल तुटलेली असतानाही रोजचा लिपिक बिनधास्त आत जातो आणि नुकताच बदलून आलेला लिपिक दारातच अडतो. "नव्या माणसाचे खातेच नीट बनलेले नाही," असा निष्कर्ष निघतो, तो चुकीचा असतो. तेव्हा अदलाबदलीसाठी त्या यंत्रावर कधीच न बसलेला माणूस निवडावा. इंजिनिअर मंडळींची "केबल काढून लॉगिन करा" ही जुनी युक्तीही याच साठवणीवर चालते. आतला मजकूर वाचवायला ती कामी येते, पण बिघाड तिथेच राहतो.

मग नजर यंत्राच्या पाठीमागे जाते. लॅन पोर्टचा दिवा लागलाय का? केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची चाप तुटलेली असेल तर खुर्चीचा धक्का लागला तरी संपर्क सुटतो. दिवा लागलेला असेल तर आयपी पत्ता बघतात. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तपास तिथेच अर्धा संपतो. नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारा सर्व्हर सापडला नाही की विंडोज स्वतःच स्वतःला असा पत्ता देते. विंडोज ९८ पासूनची ही सोय. त्या पत्त्याच्या यंत्राला कार्यालयाचा डोमेन कंट्रोलर दिसतच नाही. स्विचचे पोर्ट मेलेले असेल, पत्ते संपले असतील किंवा कुणीतरी घरून आणलेला राउटर मध्येच जोडला असेल.

सगळ्यात छळते ती डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची चूक, कारण तिच्यात इंटरनेट झकास चालते. नेट हळू आहे म्हणून कुणीतरी डीएनएसच्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवतो. वर्तमानपत्रांची संकेतस्थळे उघडतात, यूट्यूब चालते, फक्त लॉगिन होत नाही. कारण डोमेनमधले यंत्र आपला कंट्रोलर कुठे आहे हे डीएनएसलाच विचारते, आणि तालुक्याच्या एका कार्यालयाच्या आत कोणता सर्व्हर कुठल्या कपाटात आहे हे गूगलच्या डीएनएसला कुठून माहीत असणार? रकान्यात कार्यालयाच्या स्वतःच्या डीएनएसचा पत्ता परत टाकला की काम होते.

घड्याळ चुकले की तिकीट बाद

मदरबोर्डवर वीस मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा एक चपटा सेल असतो. सीआर-२०३२ हे त्याचे नाव. शंभर रुपयांच्या आत मिळतो. यंत्राची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे मुख्य काम. भिंतीवरचे बटण चालू असेल तर त्याच्यावर भार जवळजवळ नसतो. पण आपल्याकडे संध्याकाळी शिपाई मेन स्विचच खाली ओढतो, आणि लांब सुट्टीत तर ओढतोच. वर्षानुवर्षे असे झाले की एके दिवशी सेल मान टाकतो. सुट्टीनंतर यंत्र जागे होते ते बायोसमध्ये कोरलेल्या एखाद्या जुन्या तारखेला, २००२ मध्ये नाहीतर २००९ मध्ये.

घड्याळाचा आणि लॉगिनचा संबंध काय? तो अमेरिकेतल्या एमआयटीपाशी जातो. तिथे १९८३ मध्ये अथीना नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यापीठभर पसरलेल्या यंत्रांवर विद्यार्थ्याने कुठेही बसावे आणि आपल्या खात्यात जावे, ही त्यातली कल्पना. पण पासवर्ड तारेतून पाठवायचा नाही, वाटेत कुणी ऐकत असेल तर? त्यातून कर्बेरोस ही पद्धत जन्मली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. यात माणूस एकदा स्वतःची ओळख पटवतो आणि त्याला ठरावीक वेळेपुरते तिकीट मिळते. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून ही पद्धत डोमेनच्या मुळाशी बसवली. तिथे मूळ मांडणीत तिकिटाची मुदत १० तासांची असते.

एसटीच्या तिकिटावर तारीख-वेळ छापलेली असते ती कालचे तिकीट आज चालू नये म्हणून. कर्बेरोसचा हिशेबही तोच. कुणी तिकीट चोरून नंतर पुन्हा दाखवू नये, म्हणून प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो. यंत्राचे आणि सर्व्हरचे घड्याळ यांत ५ मिनिटांहून जास्त फरक असला, तर मूळ मांडणीत ती विनंती नाकारली जाते. डोमेनमधले धडधाकट यंत्र घड्याळ सर्व्हरशी स्वतःच जुळवून घेते, पण वेळेची सेवा बंद पडलेली असेल तर बिनसते. कधी पडदा वेळेतला फरक स्पष्ट सांगतो, तर कधी लॉगिन होते आणि सामायिक फोल्डर तेवढे उघडत नाही.

डोमेनबाहेरच्या सुट्या यंत्राचे दुखणे वेगळे. विंडोजची वेळ-सेवा अशा यंत्रावर मूळ मांडणीत १५ तासांपर्यंतचाच फरक आपणहून दुरुस्त करते. त्यापुढचा फरक दिसला की ती हात आखडता घेते, कारण एवढी मोठी चूक खुद्द वेळ सांगणाऱ्याचीही असू शकते. त्यामुळे २००९ मध्ये जागे झालेले यंत्र २००९ मध्येच राहते. वेतनाचे पोर्टल उघडायला गेले की प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झाली नसल्याची सूचना येते.

याहून फसवा प्रकार टाइम झोनचा. विंडोज नव्याने टाकताना घाईत पॅसिफिक टाइम झोन तसाच राहतो. कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सव्वादहा लावून देतो. पडद्यावर सव्वादहाच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सव्वादहा असतात. भारतीय वेळेपासून ते ऋतूप्रमाणे साडेबारा किंवा साडेतेरा तास लांब. कर्बेरोस जागतिक वेळ मोजतो, पडद्यावरचे आकडे त्याच्या कामाचे नाहीत. घड्याळ बरोबर आहे असे शपथेवर सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने झोन बघितलेला नसतो, एवढेच.

ठिपक्यांमागची मराठी

पासवर्ड टाकताना पडद्यावर ठिपके उमटतात, त्यामुळे बोटांनी काय लिहिले ते कळत नाही. कॅप्स लॉक सगळ्यांना माहीत आहे. नम लॉकचा घोळ कमी जणांच्या लक्षात येतो. कितीतरी जुन्या सिस्टिम सुरू होताना नम लॉक बंद असते आणि उजवीकडचे आकडे उमटतच नाहीत. जुन्या लहान लॅपटॉपवर उलटे होते. तिथे आकड्यांचे वेगळे खण नसतात, आणि नम लॉक चालू राहिले तर यू, आय, ओ या अक्षरांच्या जागी ४, ५, ६ उमटतात.

मराठी कार्यालयात यात खास आपली भर पडते. इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची कळरचना भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकात आली आणि पुढे विंडोजनेही स्वीकारली. आदल्या दिवशी परिपत्रक मराठीत टंकले, आणि कुणीतरी सेटिंगमध्ये मराठी हीच पहिली भाषा करून ठेवली, तर लॉगिनच्या पडद्यावरही बोटांखालून देवनागरी उमटते. ठिपके मात्र तेच. कोपऱ्यातली भाषेची बारीक खूण बघायची सवय कुणाला नसते. यावर साधा उपाय म्हणजे पासवर्ड आधी युजरनेमच्या रकान्यात टाकून बघणे, तिथे अक्षरे दिसतात. फक्त पाठीमागे कोण उभे आहे ते पाहावे आणि ताबडतोब पुसून टाकावे.

ही जुनी यंत्रे टेबलावर टिकून राहण्याचे एक कारणही मराठीच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची दोन दशके महाराष्ट्रातले टंकलेखन पुण्यात घडलेल्या सॉफ्टवेअरवर चालले: सी-डॅकचे आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी. त्या काळातल्या हजारो फाइली त्या-त्या फाँटशिवाय वाचता येत नाहीत. त्यात श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक लागायचा, तो जुन्या यंत्रांत पाठीमागच्या प्रिंटर पोर्टला बसायचा. नव्या यंत्रांना ते पोर्टच नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचीही तीच कथा. सरकारी कार्यालयात यंत्र एकदा जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढले की निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ते हलत नाही. "चालतंय ना, मग राहू दे," हा अडाणीपणा नसतो, त्यामागे अशी दहा कारणे असतात.

एस्केप दाबले की आत

कॉम्प्युटरला पासवर्ड लावण्याची पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची. तीही एमआयटीची. फर्नांडो कॉर्बातो यांच्या सीटीएसएस या प्रणालीत एकच महागडे यंत्र अनेक जण वाटून घेत, आणि प्रत्येकाची फाइल आणि यंत्रावरचा वेळ वेगळा राहावा म्हणून पासवर्ड आला. त्याच दशकाच्या मध्यात एक फजिती झाली. दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी आली.

आपल्या कार्यालयांत लॉगिनची चौकट घरोघरच्या टीव्हीइतकी ओळखीची झाली ती विंडोज ९५ आणि ९८ मुळे. ती चौकट पहारेकरी नव्हतीच. एस्केप दाबले की माणूस थेट डेस्कटॉपवर पोचायचा, नेटवर्कवरचे फोल्डर तेवढे मिळायचे नाहीत. यंत्र पासवर्ड पीडब्ल्यूएल प्रकारच्या फाइलीत साठवायचे आणि ती फाइल खराब झाली की बरोबर पासवर्डही चालेनासा व्हायचा. इंजिनिअर त्या फाइलीचे नाव बदलायचा, यंत्र नवा पासवर्ड विचारायचे, आणि तक्रार मिटायची. आज पन्नाशीत असलेले कित्येक तंत्रज्ञ या एका युक्तीवर गावात नावारूपाला आले.

त्या काळच्या पासवर्डची राखणही कच्ची होती. लॅन मॅनेजर पद्धतीत पासवर्डमधली लहान अक्षरे मोठी केली जात, लांबी १४ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे, आणि त्या १४ चे सात-सातचे दोन तुकडे वेगवेगळे साठवले जात. तोडणाऱ्याला मग चौदा अक्षरांचे कुलूप फोडायचे नसायचे, सातांची दोन फोडायची असायची. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून पासवर्ड असा साठवणे मूळ मांडणीतून बंद झाले. सर्व्हर बदलला त्या दिवशी खूप जुनी यंत्रे बाहेर राहिली ती यामुळे.

जुनी बोली बंद झाली

फोल्डर नेटवर्कवर वाटून घेण्यासाठी विंडोज एसएमबी नावाची बोली बोलते. विंडोज एक्सपीला तिची पहिली आवृत्तीच येते. दुसरी व्हिस्टाबरोबर आली. अनेक वर्षे नवी यंत्रे जुन्यांशी जुन्या बोलीत बोलत राहिली, म्हणून कुणाला फरक कळला नाही.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला. पहिल्या आवृत्तीतल्या एका भगदाडातून तो यंत्रायंत्रांत शिरला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे देशांत पोचला. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांचे कामकाज कोलमडले. मायक्रोसॉफ्टने त्या भगदाडाचे ठिगळ मार्च महिन्यातच दिले होते, आणि साथ पसरल्यावर मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही ते काढले. सगळ्यांनी खापर एक्सपीवर फोडले, पण कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत बाधित यंत्रांपैकी जवळजवळ सगळी विंडोज ७ ची निघाली. ठिगळ उपलब्ध होते, लावलेले नव्हते.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १० पासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या यंत्रांत मूळ मांडणीत येईनाशी झाली. परिणाम छोट्या कार्यालयांत दिसला. हिशेबाचा डेटा कोपऱ्यातल्या एक्सपीवर होता, नवे यंत्र त्याला हाक मारी, पण बोलीच वेगळी. पुढे विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत बिनपासवर्डच्या पाहुण्या लॉगिनवर आणि सही नसलेल्या जोडणीवर आणखी बंधने आली, आणि स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारे जुने कॉपियर मुके झाले. नेटवर हमखास सल्ला मिळतो की पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा. त्याने काम होते, पण २०१७ चे दारही परत उघडते. जुने यंत्र ठेवायचेच असेल तर त्यावरचा डेटा नव्या यंत्रावर हलवावा आणि जुन्याचा नेटवर्कशी संबंध कमीत कमी ठेवावा.

घानाहून आलेली डिस्क

लॉगिन तपासणारा सर्व्हरच नाहीसा झाला तर? वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, त्याचे उत्तर न्हावा-शेव्याला मिळाले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला नॉटपेट्या हा तसलाच किडा डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्याच समूहाचे. तिथल्या यंत्रणा बंद पडल्या आणि कामकाज अडले. हा किडा नुसत्या भगदाडावर अवलंबून नव्हता. एका यंत्राच्या स्मृतीत राहिलेले पासवर्ड चोरून तो पुढच्या यंत्रात रीतसर लॉगिन करायचा. त्यामुळे ठिगळ लावलेली यंत्रेही पडली.

अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ मध्ये 'वायर्ड' मासिकात पुढची हकीकत सांगितली. मर्स्कचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत. एक गेला तर दुसरा आहे, अशी रचना. सगळे एकदम जातील हे कुणी धरलेच नव्हते. शोधाशोध केल्यावर घानाच्या कार्यालयातला एक कंट्रोलर शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता. इंटरनेटवरून त्यातला डेटा पाठवायला दिवस लागले असते. घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि ती इंग्लंडमधल्या मेडनहेडला पोचली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी नंतर डाव्होसमध्ये सांगितले की १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

घानात वीज गेली नसती तर जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीला आपली माणसे कोण, हे पहिल्यापासून लिहावे लागले असते. ज्या कार्यालयात एकच डोमेन कंट्रोलर आहे आणि त्याचा बॅकअप त्याच खोलीत आहे, त्यांनी हे वाचून एकदा कपाट उघडून बघावे.

यंत्राचाही पासवर्ड असतो

डोमेनमध्ये माणसाचे खाते असते तसे यंत्राचेही असते, आणि त्यालाही पासवर्ड असतो. मूळ मांडणीत यंत्र तो दर ३० दिवसांनी बदलते आणि सर्व्हरला कळवते. कुणाला पत्ता लागत नाही. अडचण येते ती यंत्र जुन्या बॅकअपवरून परत आणल्यावर. यंत्राच्या हाती दोन महिन्यांपूर्वीचा पासवर्ड येतो आणि सर्व्हरकडे आताचा असतो. पडदा सांगतो की या यंत्राचा डोमेनशी विश्वासाचा संबंध तुटला आहे. इथे माणसाचा पासवर्ड शंभरदा बदलला तरी उपयोग नाही.

महाविद्यालयांच्या लॅबमध्ये हे हमखास घडते. विद्यार्थ्यांनी केलेले बदल पुसले जावेत म्हणून यंत्र प्रत्येक वेळी मूळ स्थितीत परत आणणारे सॉफ्टवेअर तिथे असते. ते मुलांची गाणी पुसते तसा यंत्राचा नवा पासवर्डही पुसते. महिना उलटला की लॅबमधली यंत्रे एकामागून एक डोमेनबाहेर पडतात. रूढ उपाय म्हणजे यंत्र डोमेनमधून काढून पुन्हा जोडणे. नव्या विंडोजमध्ये पॉवरशेलच्या एका आज्ञेनेही हा दुवा सांधता येतो. अशा लॅबमध्ये यंत्राचा पासवर्ड बदलणेच थांबवून ठेवतात.

बेचाळीस दिवस

माणसाच्या पासवर्डची मुदत विंडोज डोमेनच्या मूळ मांडणीत ४२ दिवस असते. कुठे ती ९० करतात, कुठे तशीच राहते. सुट्टीच्या तोंडावर पासवर्ड बदलायची सूचना येते, माणूस घाईत बदलतो, पण फोनमधल्या मेलमध्ये जुनाच राहतो. फोन तो इमानेइतबारे सर्व्हरकडे पाठवत राहतो. ठरावीक चुकांनंतर सर्व्हर खाते कुलूपबंद करतो. कुलूप काढले की थोड्या वेळाने पुन्हा लागते. अशा वेळी सर्व्हरच्या नोंदींत ४७४० क्रमांकाची नोंद शोधावी. खाते कुठल्या यंत्रावरून आलेल्या चुकांमुळे बंद झाले ते ती सांगते. तिथे साठवलेला जुना पासवर्ड पुसला की प्रकरण मिटते.

ठरावीक काळाने पासवर्ड बदलायलाच हवा हा नियम आता त्याच्या कर्त्यांनाही पटेनासा झाला आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून तो जगभर पसरला. २०१७ मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेतला: पासवर्ड फुटल्याची खूण असेल तरच बदलायला लावा. बर यांनीही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सुरक्षा शिफारशींतून ही मुदत काढली. आपल्या कार्यालयांत नियम कायम आहे आणि कीबोर्डखालची चिठ्ठीही.

पोर्टलचे दार

आता लॉगिन कार्यालयातल्या सर्व्हरपेक्षा वेबवरच जास्त होते: वेतन, निविदा, कर, बँक. तिथे जुने यंत्र आणखी वेगळ्या कारणांनी अडते. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला टीएलएस या सुरक्षित जोडणीची पहिलीच आवृत्ती येते. २०२० पासून प्रमुख ब्राउझरांनी ती आणि तिच्यापुढची आवृत्ती बंद करत आणली, सर्व्हरांनीही केली. अशा यंत्रावर लॉगिनचे पान उघडतच नाही, आणि माणूस म्हणतो सर्व्हर डाऊन आहे.

३० सप्टेंबर २०२१ ला एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या असंख्य संकेतस्थळांची जुन्या यंत्रांवरची ओळख त्याच्यावर टेकलेली होती. अद्ययावत यंत्रांना काही कळले नाही. वर्षानुवर्षे अपडेट न मिळालेल्या यंत्रांवर मात्र काल उघडणारी संकेतस्थळे आज असुरक्षित ठरली.

डिजिटल सहीच्या टोकनने यात भर घातली. अनेक पोर्टलांवर सही उमटवण्यासाठी ब्राउझरमध्ये जावाचे ॲपलेट चालवावे लागे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये त्याचा आधार काढला. मग इंटरनेट एक्स्प्लोरर हा एकच आसरा उरला, आणि १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने तोही निवृत्त केला. एका सहीसाठी एक जुने यंत्र जपून ठेवायचे, त्याला कुणी अपडेट करायचे नाही, अशी व्यवस्था कितीतरी ठिकाणी झाली ती यामुळेच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधारही संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. २०१६ च्या सुमाराला हौसेने घेतलेली यंत्रे त्यात बसत नाहीत. पैसे भरून वाढीव सुरक्षा घेता येते, पण ती मुदतीची आहे. थोडक्यात, आतापर्यंत जी यंत्रे नवी समजली जात होती ती येत्या काही वर्षांत याच रांगेत येऊन उभी राहतील.

कार्यालयप्रमुखांनी यासाठी मोठी खरेदी करायची वाट पाहू नये. पाच वर्षांवरच्या सगळ्या यंत्रांचे सेल एकदाच बदलून घ्यावेत. टाइम झोन आणि डीएनएसचे रकाने एका दुपारी तपासावेत. जुन्या फाँटमधल्या कामाच्या फाइली युनिकोडमध्ये आणायला माणूस नेमावा, म्हणजे एका लॉकसाठी अख्खे यंत्र सांभाळावे लागणार नाही. आणि पुढच्या वेळी कुणाचे लॉगिन अडले, तर तक्रार नोंदवहीत तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात: पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे, यंत्राच्या घड्याळातली तारीख-वेळ, आणि शेजारच्या सिस्टिमवर तोच माणूस आत जातो की नाही. या तीन ओळी हाती येईपर्यंत कुणाचाही पासवर्ड रीसेट करू नये.